खाजणाचा नकाशा गावानेच काढावा
(ग्रामपंचायत सचिव व शिक्षक यांच्यासमोर झालेले भाषण)



गोव्यातील खाजण जमीन भरतीच्या पातळीहून सखल असते. बांध आणि मानशीची दारे शाबूत असतील तोवरच तीत भात पिकते. बांधाला भगदाड पडले की खारे पाणी शेतात शिरते आणि जमिनीतील क्षार पावसाने धुऊन जाईपर्यंत शेतकऱ्याला हात जोडून बसावे लागते. म्हणून बांध नेमका कोठे खचला, हे ग्रामसभेत बोट ठेवून दाखविता आले पाहिजे.

भारतीय सर्वेक्षण विभागाचे १:५०,००० प्रमाणाचे नकाशे विश्वसनीय आहेत. परंतु त्यांत एक किलोमीटर म्हणजे अवघे दोन सेंटिमीटर. दोन मीटर रुंदीची मानस तेथे ०.०४ मिलिमीटर भरेल. हे काम १:२,५०० प्रमाणावर, म्हणजे एका किलोमीटरला ४० सेंटिमीटर या हिशेबाने करावयास हवे.

त्यासाठी महागडी साधने नकोत. व्याख्यानाची चित्रे दाखविण्यासाठी १९८७ साली निघालेली पॉवरपॉइंट ही संगणकप्रणाली, किंवा विनामूल्य मिळणारी लिब्रेऑफिस इम्प्रेस, पुरेशी होते. मात्र पॉवरपॉइंटच्या यादीतील ‘ए-थ्री’ हा आकार निवडू नये. तो प्रत्यक्ष कागदाहून लहान निघतो; ४२ आणि २९.७ सेंटिमीटर ही मापे हातानेच भरावीत.

मूळ नकाशाची प्रत स्कॅनरवर घ्यावी. तिरप्या छायाचित्राने अंतरे बिघडतात. जमिनीवर दोन ठळक खुणांमधील अंतर टेपने मोजावे. ते ५०० मीटर असेल तर पडद्यावरील चित्र, लांबीरुंदीचे गुणोत्तर न मोडता, त्याच खुणांमध्ये २० सेंटिमीटर येईपर्यंत लहानमोठे करावे. दुसऱ्या दिशेचे एखादे अंतरही पडताळावे. येथे आळस केला तर पुढील सारी मेहनत व्यर्थ!

मग ‘फ्रीफॉर्म’ या साधनाने बांध, खाडी, वाट एकेक बिंदू देत गिरवावेत. रेषा जाड काढण्याचा मोह टाळावा. एक पॉइंट जाडीची रेषा या प्रमाणावर सुमारे ०.९ मीटर जमीन झाकते; तीन पॉइंटची रेषा अरुंद पायवाट गिळून टाकील. प्रत्येक आकृतीला ‘सिलेक्शन पेन’मध्ये नाव दिल्यास हवी ती ठेवता व नको ती लपविता येते.

प्रमाण केवळ अंकांत लिहू नये. हाच नकाशा ए-फोर कागदावर छापला की १:२,५०० हा आकडा खोटा ठरतो. रेखाटलेली प्रमाणपट्टी मात्र नकाशाबरोबरच आकसते आणि खरी राहते.

या नकाशाने मालकी सिद्ध होत नाही. हद्दीच्या वादात भूमिअभिलेख खात्याचाच नकाशा पाहावा लागेल. पंचायतीला त्याचा उपयोग निराळा आहे. दरवर्षी पावसाळ्यानंतर जुन्या पानाची प्रत काढून, बांध पुन्हा चालून पाहून, नव्या पानावर दुरुस्त्या कराव्यात व तारीख घालावी. ग्रामसभेत ती दोन पाने एकापाठोपाठ एक दाखविली की बांध कोठे सरकला, हे शेवटच्या बाकावरील म्हाताऱ्यालाही दिसते.