लॉगिनचे नाव आणि आपले नाव



मी साहित्य शिकवते. संगणक माझा विषय नव्हे. तरीही आज बोलायचे आहे ते कंपनीच्या संगणकजाळ्यात शिरताना जे नाव टाइप करावे लागते, त्याच्या घडणीविषयी. निमित्त सांगते. माझी एक जुनी विद्यार्थिनी कंपनीत नोकरी करते. लग्नानंतर तिने आडनाव बदलले. कार्यालयाने तिचे जुने खाते बंद केले आणि नव्या आडनावाचे नवे खाते उघडून दिले. दुसऱ्या दिवशी तिला स्वतःच्याच फायली उघडेनात. सहा वर्षे काम केलेली मुलगी संगणकाच्या लेखी काल आलेली ठरली. "मॅडम, मी तीच आहे, हे आता कुणाला पटवू?" असे तिने फोनवर विचारले. तेव्हा आमच्या महाविद्यालयातील संगणक विभागाच्या सहकाऱ्यांकडे मी शिकवणी लावली.

बहुतेक कंपन्यांत विंडोजचे जाळे असते. त्यातील खात्यांची वही म्हणजे 'ॲक्टिव्ह डिरेक्टरी'. ती विंडोज २००० बरोबर आली. या वहीत नाव सांगण्याच्या दोन रीती आहेत. पहिलीत आधी डोमेन, म्हणजे त्या जाळ्याचे नाव, मग उलटी तिरकी रेघ आणि शेवटी व्यक्ती. हजेरीपटात आडनाव आधी लिहितात, तशी ही रीत. दुसरीत आधी व्यक्ती, मग @ हे चिन्ह आणि नंतर डोमेन. रे टॉमलिन्सन यांनी १९७१ मध्ये ईमेलसाठी हे चिन्ह निवडले होते. मराठी माणसाला ही दुसरी रीत परकी वाटू नये. आधी नाव आणि पाठोपाठ 'कर' लावून गाव, ही आपलीच सवय.

नुसते नाव लिहिले, तर संगणक ते ठरलेल्या डोमेनमध्येच शोधतो. घरात 'बाळू' एवढी हाक पुरते. परगावी पूर्ण नाव सांगावे लागते. डोमेनच्या जागी फक्त टिंब देऊन तिरकी रेघ ओढली, तर त्याचा अर्थ 'याच यंत्रावरचे खाते' असा होतो. पासवर्ड बरोबर असूनही दार उघडत नाही, तेव्हा पुष्कळदा चूक इथे असते.

आता आपल्या भाषेचा प्रश्न. पहिल्या रीतीतील व्यक्तीच्या नावाला २० अक्षरांची मर्यादा आहे; विंडोज २००० च्या आधीच्या यंत्रांसाठी ती राखली गेली. नाव, टिंब आणि आडनाव असा कंपनीचा नियम असेल, तर ज्ञानेश्वर देशपांडे यांचे काय होते पाहा. मराठी उच्चाराप्रमाणे 'डी-एन-वाय'ने सुरू केले, तर रोमन अक्षरे होतात २१. शेवटचा 'ई' गळतो. तेच नाव आमच्या इंदुरात हिंदी वळणाने 'जी-वाय'ने लिहिले, की बरोबर २० मध्ये बसते! म्हणजे मराठी 'ज्ञ' राखला तर आडनाव तुटते आणि आडनाव राखले तर 'ज्ञ' जातो. वडोदऱ्याचे ज्ञानेश्वर 'जी-एन'ने लिहितील, ते आणखी निराळे.

आद्याक्षरांचेही असेच. आपण पु. ल., चिं. त्र्यं. असे लिहितो. मराठीत आद्याक्षर म्हणजे स्वरासकट पूर्ण अक्षर. रोमनमध्ये फक्त 'पी' उरतो; मग पुरुषोत्तम, पांडुरंग आणि प्रभावती एका रांगेत येतात. त्यातच 'ळ'ला रोमनमध्ये वेगळी खूण नाही, त्यामुळे काळे आणि काले एक होतात. दोघांचे लॉगिन एकच निघाले, की नंतर आलेल्याला शेपटीला २ हा आकडा लावतात.

इथवर वाटत होते, की यंत्रापुढे इलाज नाही. पण सहकाऱ्यांनी पुढची गोष्ट सांगितली आणि माझा समज बदलला. संगणक आपल्याला या नावाने ओळखतच नाही. खाते उघडताच त्याला एक लांबलचक सुरक्षा-क्रमांक मिळतो आणि फायलींचे सारे हक्क त्या क्रमांकाला चिकटलेले असतात. खात्यावरचे नाव बदलले तरी क्रमांक तोच राहतो. उलट खाते पुसून त्याच नावाने पुन्हा उघडले, तरी क्रमांक नवा मिळतो आणि जुने हक्क जातात. म्हणजे माझ्या विद्यार्थिनीचे नाव बदलणे यंत्राला मुळीच जड नव्हते. नवे खाते उघडणे हा माणसांनी घेतलेला निर्णय होता.

मी तिला हे कळवले. सुदैवाने जुने खाते नुसते बंद होते, पुसलेले नव्हते. तिने तसे सुचवल्यावर ते पुन्हा सुरू झाले, त्यावरचे नाव बदलले आणि फायली उघडल्या.

मलाही हा प्रश्न जवळचा आहे. माझ्या एम.ए.च्या प्रमाणपत्रावर एक आडनाव आहे, पीएच.डी.च्या प्रमाणपत्रावर दुसरे. दोन्ही एकाच बाईची, हे सिद्ध करण्यासाठी मी किती प्रतिज्ञापत्रे केली, त्याची मोजदाद नाही. कागदाला जे जमले नाही, ते यंत्राला जमते. फक्त ते मागता आले पाहिजे.

म्हणून विद्यार्थ्यांना तीन गोष्टी सांगते. नोकरीला लागताना आपल्या नावाचे रोमन लेखन आपण स्वतः सांगा. ते दुसऱ्याला ठरवू देऊ नका. नाव बदलले, तर नवे खाते मागू नका. आहे त्याच खात्याचे नाव बदलून मागा आणि जुना ईमेल पत्ताही चालू ठेवायला सांगा. तिसरी गोष्ट अशी, की लॉगिनचे नाव वेगळे आणि सहकाऱ्यांना पडद्यावर दिसणारे नाव वेगळे असते. त्या दुसऱ्या नावाला २० अक्षरांचे बंधन नाही आणि ते देवनागरीतही लिहिता येते. तिथे 'ज्ञ' आणि 'ळ' दोन्ही नीट बसतात. कार्यालयाला निदान एकदा विचारून पाहा.