सोपें लिहिणें हेंही औषधच



गेल्या पावसाळ्यांत आमच्याकडे कामास येणाऱ्या बाईंच्या नातवाला जुलाब झाले. प्रौढ वर्गांत त्या वाचावयास शिकल्या होत्या. पण जलसंजीवनीच्या पत्रकांतील ‘निर्जलीकरण’, ‘विहित प्रमाण’ या शब्दांपाशीं अडल्या, आणि अर्धी पुडी पेलाभर पाण्यांत कालवून मला विचारावयास आल्या. पुडी होती एक लिटर पाण्याची! पाणी कमी पडलें म्हणजे मीठ अधिक होतें, व तें लहान जिवाला अपाय करतें. सुदैवानें तें अद्याप पाजलें नव्हतें.

१९७१ सालीं बनगांवच्या निर्वासित छावणींत डॉ. दिलीप महालनबीस यांनीं अशाच मीठ-साखरेच्या पाण्यानें पटकीचे शेकडों रोगी वांचविले. नातलगच तें पाजीत. सांगावयास जाणतीं माणसें जवळ होतीं. घरीं मात्र तें काम कागदालाच करावें लागतें.

मीं तें पत्रक पुन्हा लिहिलें : ‘एक लिटर स्वच्छ पाणी घ्या. सगळी पुडी त्यांत घाला. ढवळा. घोट घोट पाजा. उरलेलें दुसऱ्या दिवशीं टाकून द्या.’ बाईंनीं तें न अडखळतां वाचलें.

जन्मभर मीं मुलांच्या निबंधांतील जड शब्दांना गुण दिले. तें आतां मनाला बोचतें. असा कागद छापण्यापूर्वीं नुकत्याच साक्षर झालेल्या माणसाकडून वाचून घ्यावा. तो जेथें अडेल, तेथें चूक लिहिणाराची समजावी.