आमच्या नर्सबाई

थोरामोठ्यांचीं चरित्रें आपण नेहमीच ऐकतां. आज मी ज्या बाईंविषयीं बोलणार आहें, त्यांचें नांव आमच्या केळापूर तालुक्याबाहेर कोणास ठाऊक नाहीं. आणि तालुक्यांतहि त्यांना नांवानें कोणी हाक मारीत नसे. त्या सर्वांच्या नर्सबाई होत्या. केस पिकल्यावर नर्सआजी झाल्या, इतकेंच.

त्या धर्मानें ख्रिस्ती. डॉ. विल्यम वॉनलेस यांनीं १८९४ सालीं मिरजेस जें इस्पितळ उभारलें, तेथें त्या परिचर्या शिकल्या. ऐन तारुण्यांत वैधव्य आलें, तेव्हां दोन मुलें घेऊन त्या आमच्या गांवीं येऊन राहिल्या. कोलामांचे पोड असोत कीं बंजाऱ्यांचे तांडे, बोलावणें आलें कीं त्या निघत. बाळंतीण अडली तर बैलगाडींत घालून उमरीच्या मिशन इस्पितळांत स्वतः घेऊन जात.

१९६६ सालीं मला बहीण झाली. मी तेव्हां सहा वर्षांचा होतों. सुईणीनें घरच्या विळ्यानें नाळ कापली व वर शेणाची राख लावली. रीतच तशी होती. पांचवीला सटवाईची पूजा झाली. सातव्या दिवशीं पोरीनें दूध ओढणें सोडलें, जबडा मिटला, अंग धनुष्यासारखें ताठलें. दुसऱ्या दिवशीं ती गेली. सटवाई कोपली, असें घरांत ठरलें. नर्सबाई अंगणांत आल्या होत्या. "हा धनुर्वात आहे, विळ्यावरून, राखेंतून येतो," असें त्या सांगत होत्या. माझ्या आजीनें त्यांना ओसरीवर चढूं दिलें नाहीं.

दोन वर्षांनीं, धाकट्या भावाच्या वेळीं, आईनेंच मला गुपचुप त्यांच्याकडे धाडलें. पावसाळ्याची रात्र होती. त्या कंदील घेऊन आल्या. पण सुईणीस त्यांनीं बाजूला सारलें नाहीं, ही गोष्ट मला अद्यापहि मोठी वाटते. "माय, हात तुहाच चालू दे, ही पत्ती अन् हा दोरा तेवढा उकळून घे," एवढेंच म्हणाल्या. नाळेवर कांहीं लावूं दिलें नाहीं. भाऊ जगला, आज तो स्वतः आजोबा आहे.

त्या निघून गेल्यावर आजीनें त्यांची बसण्याची जागा शेणानें सारवावयास घेतली. कंदील राहिला म्हणून नर्सबाई परतल्या, आणि त्यांनीं तें पाहिलें. मीहि पाहिलें. "सारवण बाळापासून दूर ठेवा, आजीबाई, शेणांत त्याच रोगाचे जंतु असतात," असें म्हणून त्यांनीं कंदील उचलला. पुढें दहा दिवस त्या रोज सकाळीं येत होत्या.

उपदेश त्यांनीं आम्हांस कधीं केला नाहीं. नाताळांत करंज्या तळतांना बोलावणें आलें कीं नात रुसे. "प्रभु गोठ्यांत जन्मला, तेव्हां तेथें सुईण कोण होती ग?" असें तिला हसून विचारीत आणि पिशवी उचलीत.

१९८५ सालीं सार्वत्रिक लसीकरण सुरू झालें. गरोदर बायकांना धनुर्वाताची लस घ्यावयास लावण्यासाठीं त्या उतारवयांतहि दारोदार हिंडल्या. आतां त्यांना सगळ्या ओसऱ्या मोकळ्या होत्या. माता व नवजात बालकांचा धनुर्वात भारतांतून हटल्याचें २०१५ सालीं जाहीर झालें, तेव्हां मी वर्तमानपत्र घेऊन त्यांच्याकडे गेलों. त्यांना दिसत नव्हतें. मी वाचून दाखविलें. त्या बराच वेळ गप्प होत्या. मग म्हणाल्या, "गुरुजी, तुमची बहीण आज एकूणपन्नास वर्षांची असती."