जबलपूरचा खवय्या आणि त्याच्या घरातली थाळी

(शाळेच्या हीरक महोत्सवानिमित्त माजी विद्यार्थी व पालक यांच्यासमोर झालेल्या व्याख्यानाचा मजकूर)



खवय्या या शब्दाकडे मराठी घराने नेहमी थोड्या संशयानेच पाहिले आहे. मुलाला वाचनाचा नाद आहे असे सांगताना आईवडिलांच्या स्वरात अभिमान असतो. त्याला खाण्याचा नाद आहे असे सांगताना खर्च, प्रकृती आणि वळण या तिन्हींची काळजी एकदम डोकावते. 'जिभेचे चोचले' हे शब्द कौतुकाने उच्चारलेले क्वचितच ऐकू येतात. या संशयात थोडे तथ्य आहे. परंतु खादाड आणि खवय्या यांतला भेद त्यात हरवून जातो. खादाडाला पानात किती आहे एवढेच दिसते. खवय्याला ते कोणते, कुठले आणि कोणत्या ऋतूतले हेही कळावे लागते, आणि ते कळण्यासाठी त्याला आपले शहर पायाखाली घालावे लागते.

आजचा विषय असा खवय्या, आणि तोही जबलपूरचा मराठी खवय्या. तो कोणी एक गृहस्थ नव्हे. उच्च न्यायालयातला वकील, खमरियाच्या कारखान्यातून निवृत्त झालेला कर्मचारी, रेल्वेतला बाबू, राइट टाऊनमध्ये दवाखाना चालविणारा डॉक्टर, यांपैकी कोणातही तो सापडेल. सणावारी पंक्तीत बसून वाहवा करणारे पुष्कळ असतात. त्यांच्याविषयी बोलण्याचे प्रयोजन नाही. साध्या मंगळवारी किंवा बुधवारी हा मनुष्य काय खातो, कुठे खातो आणि ते त्याच्या पानात कोठून आले, एवढेच पाहावयाचे आहे.

त्याचा दिवस पोह्यांनी सुरू होतो. हातगाडीवरचे हळदीने पिवळे झालेले पोहे, वर शेव आणि चिरलेला कांदा, आणि शेजारच्या कढईतून नुकतीच निघालेली जलेबी. तिखट-आंबट पोह्यांबरोबर पाकात बुडालेली जलेबी ही जोडी पुण्यामुंबईच्या पाहुण्याला प्रथम चमत्कारिक वाटते. त्याच्या कांदेपोह्यांवर ओले खोबरे आणि लिंबू असते, नागपूरच्या पाहुण्याला हरभऱ्याच्या झणझणीत तर्रीची आठवण होते. जबलपूरच्या खवय्याला मात्र या तिन्ही पोह्यांत भांडण दिसत नाही. रविवारी घरचे, इतर दिवशी कोपऱ्यावरचे, आणि नागपूरला नातेवाइकांकडे गेला की तर्रीचे.

ही सोशिक जीभ एका दिवसात तयार झालेली नाही. मराठी माणसे या शहरात एकाच लाटेत आली नाहीत. १७८१ मध्ये सागरच्या मराठ्यांनी गढा-मंडल्याचे गोंड राज्य घेतले. १७९८ मध्ये नर्मदाकाठचा हा मुलूख नागपूरकर भोसल्यांकडे गेला आणि पुढे १८१७-१८ च्या युद्धानंतर इंग्रजांच्या ताब्यात आला. १८७० मध्ये मुंबईकडून आणि कलकत्त्याकडून आलेले लोहमार्ग जबलपूरला जोडले गेले; १९०४ मध्ये तोफगाड्यांचा कारखाना सुरू झाला. आणि १ नोव्हेंबर १९५६ रोजी नव्या मध्य प्रदेशाचे उच्च न्यायालय नागपूरऐवजी जबलपूरला बसू लागले, तेव्हा वकील, लिपिक आणि त्यांची कुटुंबेही त्यामागून आली. इतिहासाचे ग्रंथ फौजांची आणि दप्तरांची नोंद ठेवतात. बिऱ्हाडाच्या सामानातून आलेला पाटा-वरवंटा, पुरणयंत्र आणि काळ्या मसाल्याचा डबा यांची नोंद कोणी ठेवली नाही. ती नोंद थाळीत सापडते.

दुपारच्या पानात वरण-भात असतो. हे वरण अस्सल मराठी, यात वाद नाही; परंतु त्यातली तूरडाळ गाडरवाऱ्याची असते. मुंबईच्या लोहमार्गावरचे, शेजारच्या नरसिंहपूर जिल्ह्यातले हे गाव तुरीच्या डाळीसाठी नावाजलेले आहे. त्याच मार्गावरचे करेली गुळासाठी प्रसिद्ध. म्हणजे होळीच्या पुरणपोळीतला गूळ कोल्हापूरचा नसून करेलीचा, आणि तिची चव त्यामुळे अणुमात्र कमी झालेली नाही. भाकरीची गोष्ट वेगळी. ज्वारी हे विदर्भाचे रोजचे धान्य. नर्मदेच्या खोऱ्यात गहू पिकतो. येथे पोळीने भाकरीला हळूहळू मागे सारले, आणि भाकरी मागे पडली तसा झुणकाही पाहुण्यांसाठी करण्याचा पदार्थ झाला. रोजचा पदार्थ एकदा हौसेचा झाला की त्याचे दिवस भरत आले, असे समजावे. पुरणपोळी, श्रीखंड, मोदक यांची चिंता करण्याचे कारण नाही. त्यांना सणांनी सांभाळले आहे. सांडगे, पाटवडी, गोळाभात, ताकातला पालक या मंगळवार-बुधवारच्या पदार्थांना कोणाचाच आधार नाही.

त्यांच्याबरोबर शब्दही जातात. विदर्भातून आलेल्या घरात कोथिंबिरीला 'सांबार' म्हणत. तिची वडी ती सांबारवडी किंवा पुडाची वडी. त्याच घरातला नातू आज इंडियन कॉफी हाउसमध्ये बसतो, पांढऱ्या पोशाखाचा, तुऱ्याच्या फेट्याचा वाढपी त्याच्यापुढे डोसा ठेवतो आणि वाटीत 'सांबार' ओततो. कॉफी हाउसची ही परंपरा जबलपूरला परकी नाही. कॉफी मंडळाने आपली उपाहारगृहे बंद केल्यावर पन्नासच्या दशकाच्या अखेरीस कामगारांनी ज्या सहकारी संस्था उभारल्या, त्यांतली एक थेट जबलपूरच्या नावाची आहे. वकील, प्राध्यापक आणि लेखक तेथे कॉफीच्या एका कपावर तासन्‌तास बसत आले आहेत. नातवाला दाक्षिणात्य सांबार आवडते, याचा आनंदच मानावा. पण आजी बाजारातून 'सांबाराची जुडी' आण म्हणाली तर तो गोंधळतो.

हिवाळा आला की खवय्याच्या अंगात चैतन्य येते, कारण मटार येतो. जबलपूर जिल्ह्यात, विशेषतः शहपुरा आणि पाटण भागात, मटारचे पीक मोठे असते. 'एक जिल्हा एक उत्पादन' या योजनेत जबलपूरच्या नावापुढे मटारच आहे. मराठी घरात त्याची उसळ होते, भात होतो, करंज्या होतात. शेजारच्या बुंदेली किंवा बघेली घरात हिरवे दाणे वाटून, परतून त्यांचा निमोना होतो. उसळीत दाणा अखंड राहिला पाहिजे. निमोन्यात तो दिसता कामा नये. एकाच मटाराची ही दोन टोके. जबलपूरच्या कित्येक मराठी घरांत आज दोन्ही होतात, आणि निमोन्याला गोडा मसाला लावणारेही आढळतात. शुद्धतावादी दोन्ही बाजूंनी नाक मुरडतात, मुरडू द्यावे.

गक्कड-भर्त्याची हकीकत याहून रंजक आहे. नर्मदेच्या घाटावर, शेतात, सहलीला गोवऱ्यांच्या निखाऱ्यात कणकेचे गोळे भाजायचे, राख झटकून तुपात बुडवायचे आणि भाजलेल्या वांग्याच्या भर्त्याबरोबर खायचे, ही महाकोशलाची रीत. नागपूर-अमरावतीकडून आलेल्या माणसाने प्रथम गक्कड पाहिले तर त्याच्या तोंडून सहज 'रोडगे' हा शब्द निघेल. विदर्भातही गोवऱ्यांवर रोडगे भाजतात आणि बरोबर वांग्याचीच भाजी असते. सातपुड्याच्या या बाजूला एक नाव, त्या बाजूला दुसरे. प्रांतांच्या सीमा १९५६ मध्ये आखल्या गेल्या. वांगे आणि कणीक त्यांच्या कितीतरी आधीपासून एकत्र भाजली जात आहेत.

रात्री पावले कमानिया गेटकडे वळतात. १९३९ च्या मार्चमध्ये येथून जवळच त्रिपुरीला काँग्रेसचे अधिवेशन भरले, सुभाषचंद्र बोस आजारी अवस्थेत अध्यक्षस्थानी होते. त्या अधिवेशनाची आठवण म्हणून हे द्वार उभे आहे. 'कमान' हा शब्द मराठीलाही आपलाच वाटतो, म्हणून येथल्या मराठी माणसाला हे नाव कधी परके वाटले नसावे. या भागातली खव्याची जलेबी ही जबलपूरची खरी मिरास. १८८९ मध्ये हरप्रसाद बडकुल यांनी ती प्रथम केली असे सांगतात. मैद्याच्या जलेबीसारखी ती कुरकुरीत नसते. खव्यात तिखूर, म्हणजे रानहळदीच्या जातीच्या कंदाचे सत्त्व, मिसळून तळलेली, तपकिरी-काळसर, आत मऊ. गुलाबजामाच्या जवळची म्हणावी, पण आकाराने जलेबीच. तिखुरामुळे ती उपासाला चालते असे मानणारेही आहेत. खवय्याचा उपास असा सुखाचा असतो.

खव्याचा विषय निघाला म्हणजे दुधाचा निघतो, आणि येथे खवय्याला थोडे गंभीर व्हावे लागेल. परियट नदीच्या काठावर म्हशींच्या डेअऱ्या मोठ्या संख्येने आहेत. त्यांचे शेण आणि सांडपाणी नदीत जाते, आणि हा प्रश्न न्यायालयाच्या दारापर्यंत गेलेला आहे. जलेबी खाऊ नये, असा याचा अर्थ नाही. परंतु जो मटार शहपुऱ्याचा आहे हे ओळखतो, त्याने दूध कोणत्या नदीच्या जिवावर आले हेही ओळखले पाहिजे. नाहीतर तो खादाडच.

आता या खवय्याच्या घरात जरा डोकावू. वरच्या सगळ्या वर्णनात खवय्या 'तो' आहे, हे श्रोत्यांतील भगिनींच्या लक्षात आलेच असेल. भाषेनेच तशी सोय केली आहे. 'खवय्या'चे स्त्रीलिंगी रूप मराठी माणसाच्या ओठांवर सहज येत नाही. पु. ल. देशपांडे यांच्या 'माझे खाद्यजीवन' या लेखाने खाण्याच्या आवडीला मराठीत प्रतिष्ठा मिळवून दिली, हे खरेच. परंतु साधारणपणे पाहता आपल्याकडे खाण्याच्या आनंदावर पुरुषांनी लिहिले आणि करण्याच्या कृतीवर स्त्रियांनी. लक्ष्मीबाई धुरंधर यांचे 'गृहिणी-मित्र' १९१० चे, कमलाबाई ओगले यांची 'रुचिरा' १९७० ची; दोन्ही पुस्तके दुसऱ्यांना कसे खाऊ घालावे हे सांगणारी. दुर्गाबाई भागवत यांचा ठळक अपवाद. मध्य प्रांतातील आदिवासींमध्ये संशोधन करीत असताना विषारी सुरण खाण्यात आला आणि त्यांना काही वर्षे अंथरुणावर काढावी लागली. त्याच बाईंनी पुढे 'खमंग' लिहिले. इतके सोसूनही ज्यांचे अन्नावरचे प्रेम कमी झाले नाही, त्यांना खवय्या म्हणायचे नाही तर कोणाला?

जबलपूरच्या मराठी घरातही हेच दिसते. निमोना शिकायला कोण गेले? वकीलसाहेब नव्हेत. भिंतीपलीकडच्या शेजारणीकडून तो त्यांच्या पत्नीने शिकला, आणि बदल्यात तिला थालीपीठ शिकविले. गाडरवाऱ्याची डाळ लवकर शिजते की उशिरा, करेलीच्या गुळाला पाणी किती सुटते, हे अनेक पुरणे बिघडवून तिनेच ठरविले. दोन प्रांतांचे स्वाद जुळविणारी ही पारखी जीभ दुपारी दोन वाजता, सगळ्यांची पाने उचलल्यावर, पातेल्यात तळाशी राहिलेले वरण खात असे. नोकरीवर जाणाऱ्या बायकांच्या घरातही हा क्रम फारसा बदललेला नाही. मुलाला खवय्या करायचे आणि मुलीला सुगरण, ही वाटणी किती घरांत अजून चालू आहे, हे पालकांनी आपापल्या स्वयंपाकघरात पाहून घ्यावे. सांबारवडीची कृती मुलीच्याच वहीत का उतरते आणि मुलाच्या का नाही, हेही. रोजचे पदार्थ मागे पडत चालले, याचे एक कारण येथेच आहे. ते टिकविण्याचे काम ज्या एका व्यक्तीवर सोपविले होते, तिला त्यांची चव गरम असताना कधी घेऊ दिली नाही. जे आपण नेहमी निवलेलेच खाल्ले, ते पुढच्या पिढीला हौसेने कोण शिकवील?

मंगोड्यांचे उदाहरण घ्यावे. मुगाची डाळ भिजवून, जाडसर वाटून, हाताने कढईत सोडलेली ही भजी पावसाळ्यात जबलपूरच्या चौकाचौकांत मिळतात. बरोबर हिरवी चटणी आणि तळलेली मिरची. कढईतून निघाल्यावर मोजून दोन मिनिटे ती मंगोडी असतात, त्यानंतर नुसती डाळ. घरी केली तर तळणारी उभी, बाकीचे बसलेले, आणि शेवटचा घाणा तिच्या वाट्याचा, तोही गॅस बंद करून ओटा पुसून झाल्यावर.

अलीकडे मात्र संध्याकाळी या गाड्यांभोवती वेगळी गर्दी दिसते. त्यांत याच शाळेच्या माजी विद्यार्थिनी असतात. कोणी बँकेत, कोणी रुग्णालयात परिचारिका, कोणी न्यायालयात वकील. पर्स काखेत मारून, स्कूटी कडेला लावून त्या उभ्या राहतात, आपसांत मराठीत आणि गाडीवाल्याशी जबलपुरी हिंदीत बोलतात. 'भैया, ये वाले नहीं, अभी जो निकल रहे हैं वो' असे बजावतात, आणि कागदाच्या द्रोणात पडलेला पहिला मंगोडा फुंकर घालीत, बोटे भाजून घेत, तिथेच उभ्याने खातात.