दंतवैद्यकाचे विद्यार्थी आणि नवे यंत्र



कामगार संघटनेत आयुष्य घालवलेल्या माणसाने दातांविषयी बोलावे, याचे आपणांस नवल वाटेल. परंतु दातावर बसणारी टोपी आकाशातून पडत नाही. ती कोणी कारागीर घडवतो. त्याच्या पुढ्यात आज नवे यंत्र आले आहे, म्हणून हा विषय माझाही आहे.

जुनी रीत अशी. दात कोरला की मऊ मसाल्यात त्याचा ठसा घ्यायचा, ठशात प्लॅस्टर ओतून दाताची प्रतिकृती करायची, तिच्यावर मेणाची टोपी घडवायची, आणि मेण जाळून त्या जागी धातू ओतायचा. आपला ओतारी देवाची मूर्ती याच रीतीने घडवतो. नव्या रीतीत तोंडात लहानसा कॅमेरा फिरवतात, संगणकाच्या पडद्यावर टोपीचा घाट ठरतो, आणि यंत्र ती ठोकळ्यातून कोरून काढते. फ्रान्सच्या फ्रांस्वा द्युरे यांनी १९७३ साली प्रबंधात ही कल्पना मांडली. झुरिचमध्ये मोरमान आणि ब्रांडेस्टिनी यांच्या यंत्राने १९८५ साली पहिल्या रोग्याचा दात भरला गेला. काम एका बैठकीत उरकले तर कामगाराचे खाडे वाचतात. हा लाभ लहान नव्हे!

मग उद्याच्या दंतवैद्याची तयारी किती? देशोदेशी विद्यार्थ्यांच्या ज्या पाहण्या झाल्या, त्यांत बहुधा एकच सूर निघतो : उत्साह मोठा, अनुभव थोडा. व्याख्यानात ऐकलेले असते. यंत्र महाग, म्हणून हात बसलेला नसतो.

येथेच धोका आहे. कॅमेऱ्याला प्रकाश पोचेल तेवढेच दिसते. हिरडीखाली दडलेली किंवा रक्ताने झाकलेली कड त्याला दिसत नाही. झिर्कोनिया भट्टीत भाजला की प्रत्येक बाजूस सुमारे पाचवा हिस्सा आकसतो, म्हणून टोपी आधी मोठी कोरावी लागते. माप चुकले तर यंत्र ती चूकही इमानाने कोरते. कडेला फट राहते, फटीत कीड शिरते, आणि ते दुखणे रोग्याच्या वाट्याला येते. ज्याने मेणाची कड स्वतःच्या बोटांनी बसवली आहे, त्यालाच पडद्यावरची कड खोटी आहे हे कळते.

आता कारागिराचे पाहू. १९२८ साली मुंबईच्या गिरणी कामगारांनी सहा महिने संप केला. एका माणसावर अधिक यंत्रे लादून इतरांना घरी बसवण्याची ती योजना होती. यंत्र वैरी नसते. त्याच्या लाभाची वाटणी वैर निर्माण करते. दंतप्रयोगशाळेत घासकामाच्या धुळीने सिलिकोसिस होतो, फुप्फुसे निकामी होतात. बंद पेटीत कोरणारे यंत्र ती धूळ कमी करील, तर त्याचे स्वागतच आहे. परंतु ते चालवण्याचे शिक्षण त्याच कारागिराला मिळाले पाहिजे. १९४८ च्या दंतवैद्यक कायद्याने दंतवैद्याबरोबर त्याचीही नोंदवही ठेवली होती, हे विसरू नये.

म्हणून माझे म्हणणे थोडक्यात असे : सरकारी दंतमहाविद्यालयांत ही यंत्रे यावीत, विद्यार्थ्याने आधी मेण हाताळावे आणि मग यंत्र, आणि त्याच बाकावर त्याच्या शेजारी कारागीरही शिकावा. दोघांना एकमेकांचे काम कळले, तरच तिसऱ्याचा, म्हणजे तुमचाआमचा, दात नीट बसेल.