कापलेली दोन पानं

१९८३ साली अमेरिकेत, मिसुरीतल्या हेझलवूड ईस्ट हायस्कूलच्या मुख्याध्यापकांनी विद्यार्थ्यांच्या ‘स्पेक्ट्रम’ या वर्तमानपत्राची दोन पानंच काढून टाकली. एका लेखात तीन विद्यार्थिनी स्वतःच्या गरोदरपणाबद्दल बोलल्या होत्या. नावं बदललेली होती, तरी मुली ओळखू येतील, हे कारण! (मुलींची अब्रू राखायची ती त्यांना गप्प करूनच.) कॅथी कुलमायर आणि आणखी दोघी कोर्टात गेल्या. १९८८ साली सुप्रीम कोर्टाने ५ विरुद्ध ३ मतांनी शाळेची बाजू घेतली. पत्रकारिता शिकवणाऱ्या बाई मुलींच्या पाठीशी उभ्या राहिल्या, तर नोकरीवर गदा. कॅलिफोर्नियाने २००८ साली कायदा करून अशा शिक्षकांना संरक्षण दिलं. आपल्याकडे शाळेच्या हस्तलिखितात मुलगी पाळीबद्दल लिहिते, तेव्हा ते छापू देणाऱ्या बाईंच्या मागे आपली संघटना उभी राहते का?