कच्चे कैदी आणि जामीनदार
(वार्षिक संमेलनातील भाषण)



मंगल प्रसंगी ज्या विषयाचा उच्चार सहसा कोणी करीत नाही, तो आज आम्ही बोलावयास घेत आहोत. तुरुंगात शिक्षा झालेले गुन्हेगारच असावयाचे, अशी आपली समजूत असते. वस्तुस्थिती निराळी आहे. सरकारी आकडेवारीप्रमाणे २०२२ च्या अखेरीस भारतातील तुरुंगांत ५,७३,२२० बंदी होते. जागा ४,३६,२६६ जणांची. या बंद्यांपैकी ४,३४,३०२ हे कच्चे कैदी, म्हणजे ज्यांच्या खटल्याचा निकाल लागावयाचा आहे, आणि म्हणून कायद्याच्या दृष्टीने जे अद्याप निर्दोष आहेत, असे लोक! अंकगणित शिकविण्यात आमचे आयुष्य गेले; आम्ही सहज वजाबाकी करून पाहिली. हे कच्चे कैदी वगळले, तर तुरुंगांतील एक तृतीयांश जागाही भरत नाही.

हे लोक आत का राहतात? पुष्कळदा जामीन मंजूर होतो, पण जामीनदार मिळत नाही. १९७८ साली मध्य प्रदेशातील एका गवंड्याचे प्रकरण सर्वोच्च न्यायालयापुढे आले. त्याला जामीन मिळाला होता. परंतु खालच्या न्यायाधीशांनी दहा हजारांचा जामीनदार मागितला, आणि सख्खा भाऊ उभा राहिला तर त्याची मालमत्ता दुसऱ्या जिल्ह्यात आहे म्हणून त्याला नाकारले! न्या. कृष्ण अय्यर यांनी हे दोन्ही चुकीचे ठरवून एक हजाराच्या जातमुचलक्यावर त्याला सोडण्यास सांगितले. पुढच्याच वर्षी बिहारमधील कच्च्या कैद्यांची हकीकत उजेडात आली. गुन्ह्याला जास्तीत जास्त जेवढी शिक्षा, त्याहूनही अधिक काळ काहीजण चौकशीवाचून कोंडलेले होते.

१ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या नव्या संहितेच्या ४७९ व्या कलमान्वये, कमाल शिक्षेचा निम्मा काळ आत काढलेल्या कच्च्या कैद्यास जामिनावर सोडावयाचे असते. पहिलाच गुन्हा असेल तर एक तृतीयांश काळ पुरतो. फाशी वा जन्मठेपेच्या गुन्ह्यांना आणि ज्याच्यावर एकाहून अधिक खटले चालू आहेत त्याला ही सवलत नाही. न्यायालयाकडे तसा अर्ज करण्याचे कर्तव्य तुरुंगाधीक्षकांवर आहे. तरतूद चांगली आहे. पण जामिनावर सोडावयाचे म्हटले की जामीनदाराचा प्रश्न पुन्हा उभा राहतोच.

येथे आमच्या समाजाबद्दल थोडे कडू बोलणे भाग आहे. कोणाचा मुलगा पकडला गेला की त्या घरी आपण जाणे सोडतो. बहिणीची सोयरीक मोडते. निकालाची वाट कोणी पाहत नाही. जामीन राहावयास तर काका-मामाही कचरतात. आरोपी तारखेस आला नाही तर रक्कम भरावी लागते, हे भय खोटे नव्हे. परंतु ज्या मुलाला आपण पाळण्यात पाहिले, तो तारखेला येईल की नाही, हे आपल्याइतके कोणाला कळणार?

म्हणून आमची सूचना अशी : मंडळाने प्रत्येक तालुक्यात जामीन राहण्यास तयार असलेल्या, घरदार-शेतीवाडी असलेल्या सभासदांची यादी करावी. ज्याला वकील परवडत नाही, त्याच्या घरच्यांना जिल्हा विधी सेवा प्राधिकरणाच्या कचेरीत नेऊन आणावे; तेथे वकील मोफत मिळतो. आरोपी आपल्या ज्ञातीचा नसला, तरी शेजारधर्म म्हणून हे करण्यास आमची हरकत नाही. कार्यवाहांनी आजच वही उघडावी, आणि पहिले नाव आमचे लिहून घ्यावे.